ट्विन सिलिंडर स्पोर्ट बाइक: मुरलेले रायडर करतात त्या चुका टाळा

ट्रॅकवरच्या दुसऱ्या सेशनमध्ये माझी गाडी उजव्या वळणातून बाहेर पडताना मिसिंग करायला लागली. थ्रॉटल उघडला की क्षणभर पॉवर गायब, मग एकदम परत. प्लग बदलले, बॅटरीचे टर्मिनल घट्ट केले, गाडीतल्या पेट्रोल पंपावरही संशय घेऊन झाला. अर्धा दिवस गेला. शेवटी शेजारच्या पिटमधल्या एका जुन्या मेकॅनिकने गाडी सोडून माझ्या पायाकडे बघितलं. बूट नवे होते, पुढून जाड. पुढचा गिअर टाकायच्या तयारीत मी बुटाचं टोक लिव्हरखाली आधीच अडकवून ठेवत होतो. क्विकशिफ्टरच्या (क्लच न दाबता गिअर बदलू देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरला तेवढा दाब पुरतो, तो लगेच इग्निशन तोडतो. गाडीत दोष नव्हताच.

दोन सिलिंडरच्या स्पोर्ट बाइकचे निम्मे 'बिघाड' याच जातीचे असतात. नवशिका घाबरत चालवतो, म्हणून वाचतो. चार सिलिंडरवर वर्षं काढलेला रायडर मात्र हातापायांच्या सवयी तशाच घेऊन येतो आणि दोष गाडीला देतो.

आरपीएमचा घोळ, आणि त्यातून चेनचा

यामाहाच्या चार सिलिंडरच्या आर६ ला सर्वाधिक पॉवर १४,५०० आरपीएमला मिळते, दोन सिलिंडरच्या आर७ ला ८,७५० लाच. आर६ वरून आलेला माणूस आर७ चा प्रत्येक गिअर लिमिटर (आरपीएमची शेवटची मर्यादा) लागेपर्यंत ताणतो आणि 'वर दम नाही' म्हणतो. दम वर नसतोच, तो मध्ये असतो. आर७ चा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ६,५०० ला शिगेला पोचतो. गिअर लवकर टाका. आवाजावरून गाडी हळू वाटेल, लॅप टायमरला तसं वाटणार नाही.

रस्त्यावर नेमकी उलटी चूक होते. टॉर्क आहे ना, मग पाचव्या गिअरात अडीच हजारावर गाडी रेटायची. ९० अंशांचा व्ही-ट्विन (सिलिंडर व्ही आकारात) असो की २७० अंशांच्या क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या शाफ्टचा) पॅरलल ट्विन (सिलिंडर शेजारी शेजारी), यात स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत: एक २७० अंशांनी, दुसरा ४५० अंशांनी. त्या लांबच्या रिकाम्या टप्प्यात क्रँक मंदावतो, चेन ढिली पडते आणि पुढच्या स्फोटाला झटक्याने ताणली जाते. गचके बसतात, खालून खडखड येते. मग काय, चेन ढिली आहे असं समजून ती घट्ट केली जाते, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. तेव्हा तिला जागा उरली नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ते बेअरिंग बदलायला अनेक गाड्यांत इंजिन उघडावं लागतं.

म्हणून आधी एक गिअर खाली टाकून बघा. गचके थांबले तर पाना हातात घेऊच नका. चेन मोजायचीच असेल तर मागचं चाक फिरवत तिची सर्वांत घट्ट जागा शोधा आणि तिथे मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मॅन्युअलमधला आकडा साइड स्टँडवरचा आहे की मागच्या स्टँडवरचा, तेही वाचा. दोन्हींत फरक पडतो.

ब्रेकिंगला मागचं चाक उड्या मारतं

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि सस्पेन्शनचे स्क्रू सर्वांत जास्त उगाच फिरवले जातात तेही याच तक्रारीपायी. ९५५ सीसीच्या डुकाटी पानिगाले व्ही२ चे पिस्टन १०० मिलिमीटर व्यासाचे होते. थ्रॉटल मिटल्यावर असे दोन पिस्टन मागच्या चाकाला जेवढे ओढून धरतात तेवढी ओढ चार छोट्या पिस्टनांच्या गाडीत जाणवत नाही. त्यात पुढचा ब्रेक जोरात असला की मागच्या टायरवर वजन जेमतेम उरतं. अशा वेळी तीन गिअर टकाटक खाली टाकले तर ते चाक टपटपणारच.

'स्लिपर क्लच आहे की,' असं उत्तर येतं. स्लिपर क्लच गिअर खाली टाकताना थोडा घसरून चाकाकडून येणारा उलटा टॉर्क कमी करतो, पुसून टाकत नाही. आधी ब्रेक, वेग उतरला की गिअर, दोन गिअरांमध्ये किंचित श्वास. आणि चार सिलिंडरवर ज्या वळणाला दुसरा गिअर लागायचा तिथे तिसरा टाकून बघा. बहुतेक ठिकाणी ट्विन त्यातूनच सरळ उचलते. पानिगाले व्ही२ किंवा एप्रिलिया आरएस ६६० सारख्या गाड्यांत इंजिन ब्रेकिंगची सेटिंग असते, ती एकेक पायरीने बदला. एवढं करूनही चाक उडत असेल तरच मागच्या शॉकला हात लावा. आधी रायडर बसलेला असताना सॅग (वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) मोजा, तो साधारण ३० ते ३५ मिलिमीटर हवा. सॅग न मोजता शॉकच्या स्क्रूचे क्लिक फिरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं. स्क्रू पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा, मूळ आकडा लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

खरोखरच मिसिंग असेल तर

पाय लिव्हरपासून दूर आहे आणि तरीही इंजिन लंगडतंय? मग एक सिलिंडर गेलाय का ते बघा. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा, अर्ध्या मिनिटाने बंद करून दोन्ही एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचे थेंब टाका. ज्यावर पाणी चुरचुरत नाही तो सिलिंडर मेलेला. कॉइलची अदलाबदल करा; दोष जागा बदलून दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल, नाही तर प्लग किंवा इंजेक्टर.

दोन्ही सिलिंडर पेटताहेत पण आयडल थरथरतंय, तर थ्रॉटल बॉडींचा (सिलिंडरांना हवा सोडणाऱ्या झडपांचा) मेळ बिघडला असण्याची शक्यता मोठी. चार सिलिंडरमध्ये हा फरक झाकला जातो, ट्विनमध्ये झाकायला कोणी नसतं. पण कारखान्यात बसवलेला थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू फिरवू नका. व्हॅक्यूम गेज लावून, जिथे बायपास स्क्रू (हवेची छोटी वाट कमीजास्त करणारे) दिलेत तिथे त्यांनीच जुळवतात, आणि तेही व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) बरोबर असेल तरच. जुन्या डेस्मो डुकाटीत (यात व्हॉल्व्ह मिटवायलाही स्प्रिंगऐवजी वेगळा आर्म असतो) व्हॉल्व्ह उघडण्याचं आणि मिटण्याचं, दोन्ही क्लिअरन्स बघावे लागतात. २०२५ च्या ८९० सीसी पानिगाले व्ही२ ने डेस्मो सोडून स्प्रिंगचे व्हॉल्व्ह घेतले, त्यामुळे जुन्या गाडीवर शिकलेली पद्धत तिला जशीच्या तशी लावू नका.

स्टार्टर दाबल्यावर टकटक आणि डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू? बॅटरी. मोठे पिस्टन फिरवायला करंटही मोठा लागतो. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवणारी बॅटरीसुद्धा स्टार्ट करताना १० च्या खूप खाली कोसळत असेल तर तिचे दिवस भरले.

बाकीचं, थोडक्यात

इंजिन गरम झालं हे डॅशबोर्ड पाण्याच्या तापमानावरून सांगतो, ऑइल त्याच्या मागून तापतं. पहिला लॅप सांभाळून.

सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लिव्हर मऊ लागतो आणि गाडी थंड झाली की ठणठणीत, म्हणून लोक विसरून जातात. कोऱ्या डॉट ४ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. रस्त्यावर वर्षभर वापरलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरू नका.

मागच्या स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालवली की एबीएसचा दिवा लागतो, कारण मागचं चाक फिरतंय आणि पुढचं उभं. सेन्सर बदलायला धावू नका. गाडी बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडं चालवून बघा, बहुधा दिवा जातो.

टायरची हवा ट्रॅकसाठी कमी केली असेल तर सेशन संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच मोजा. थंड झाल्यावरचा आकडा तिथे कामाचा नाही. आणि घरी निघण्याआधी हवा परत भरा. ट्रॅकच्या प्रेशरवर रस्त्याला लागलं की हँडल जड लागतं, गाडी वळायला कुरकुरते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्टिअरिंगचं बेअरिंग उघडून बसलेला असतो.