लोकेशन टॅग चुकला की आधी काय तपासायचं

सोशल मीडिया ॲपच्या लोकेशन टीममध्ये नवीन आलेले बरेच जण तक्रार आली की थेट ठिकाणाचं नाव बदलायला घेतात. तसं करू नका. पोस्टसोबत दोन वेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात: अक्षांश-रेखांश आणि ठिकाणाच्या नोंदीचा आयडी. दोन्ही नकाशावर टाकून बघा. पोस्टची पिन बरोबर पण नाव भलतंच असेल, तर बिघाड ठिकाणांच्या डेटाबेसमध्ये किंवा पोस्ट आणि ठिकाणाच्या जुळणीत आहे. पिनच भरकटली असेल तर आकडे तपासा.

आकड्यांत सर्वाधिक त्रास देते ती अदलाबदल. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाचा डेटा साठवायच्या एका फॉरमॅटमध्ये, रेखांश आधी येतो. नकाशाच्या कित्येक लायब्रऱ्या अक्षांश आधी मागतात. आयफेल टॉवर ४८.८५८, २.२९४ वर आहे. क्रम उलटला की पिन सोमालियाजवळ हिंदी महासागरात पडते. अक्षांश ९० च्या वर गेला तरच व्हॅलिडेशन (आकडा वैध आहे का याची तपासणी) अडवतं. इथे दोन्ही आकडे त्याच्या आत, त्यामुळे चूक बिनबोभाट पुढे जाते.

फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीत, अंश, मिनिटं, सेकंद असतात आणि दिशा वेगळ्या टॅगमध्ये. तो वाचायचा राहिला की दक्षिण आणि पश्चिमेचं उणे चिन्ह गळतं आणि रिओ दि जानेरोचा फोटो सौदी अरेबियात जातो. म्हणून टेस्टमध्ये चारही दिशांचा एकेक बिंदू हवाच. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, कोडने १८.३० धरलं तर पिन सुमारे २२ किलोमीटर सरकते. ०, ० वर पोस्टचा ढीग दिसला, तर कुठेतरी रिकामी किंमत शून्य म्हणून साठवली जातेय. तिथे नल (किंमतच नाही अशी खूण) ठेवा.

शहराच्या मध्यबिंदूवरची गर्दी मात्र नेहमीच बग नसते. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून वापरकर्ता फक्त अंदाजे लोकेशन देऊ शकतो. अशा वेळी शहराचंच नाव दाखवा, जवळचं दुकान सुचवू नका. त्याने जे सांगितलं नाही ते आपण ताणून काढणं चूकच.

एकाच ठिकाणाच्या दोन नोंदी असतील तर एक डिलीट करू नका, जुन्या पोस्टचे टॅग तुटतात. मर्ज करा आणि जुना आयडी नव्याकडे वळवा. त्याआधी अंतर बघा, कारण एकाच नावाच्या दोन शाखा दोन वेगळी ठिकाणं असतात.

कोड दुरुस्त झाला तरी आधीच्या पोस्ट तशाच राहतात. त्यांचं बॅकफिल चालवा, म्हणजे जुन्या नोंदी नव्या कोडने पुन्हा भरा, मग कॅशे (तात्पुरती साठवलेली प्रत) रिकामा करा. वापरकर्त्याने हाताने निवडलेले टॅग त्या बॅकफिलमधून वगळा.