व्हीएमसीसमोर साचणारा माल: मी काय केलं

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये लेथ दोन, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन) एकच. लेथवरून उतरलेला माल तिच्यासमोर ट्रेमध्ये पडून राहायचा आणि डिलिव्हरीची तारीख हुकायची. मग वेळापत्रक फक्त व्हीएमसीचं लावलं. फळ्यावर एकच रांग: जॉब आणि त्याला लागणारा वेळ, म्हणजे सेटिंगचा वेळ अधिक सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) गुणिले नग. एकाच फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) बसणारे जॉब लागोपाठ. हार्डनिंगला (तापवून कडक करायला) बाहेर जाणारे आधी, कारण तिथला वेळ आपल्या हातात नसतो. लेथवाल्यांना बार (कच्चा माल) त्या रांगेप्रमाणे, आदल्या दिवशीच देतो. लेथ थोडा वेळ रिकामा राहिला तरी चालतं, हे मालकांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. जेवणाच्या सुट्टीतही व्हीएमसी चालू. ऑपरेटर आळीपाळीनं जेवतात. पार्टीला (गिऱ्हाइकाला) तारीख द्यायची ती रांगेचं शेवटचं टोक बघूनच.