दुर्मीळ चित्रपट गाठायचा कसा? रेट्रोस्पेक्टिव्हपासून अर्काइव्हच्या टेबलापर्यंत

एखादा दिग्दर्शक आवडायला लागला की त्याचे गाजलेले चार-पाच चित्रपट भराभर पाहून होतात. मग गाडी अडते. उरलेल्यांची नावं प्रत्येक यादीत दिसतात, त्यांच्यावर लिहिलेलं वाचायला मिळतं, पण चित्रपट काही हाती लागत नाही. बहुतेक जण दोन-चार ठिकाणी नाव टाकून शोधतात आणि नाद सोडतात. वास्तविक शोधायच्या असतात दोन गोष्टी: दाखवण्याजोगी प्रत कोणाकडे आहे आणि ती दाखवायचे हक्क कोणाकडे आहेत. बऱ्याचदा ही दोन उत्तरं दोन वेगळ्या दारांत मिळतात, म्हणून शोध थोडा पद्धतशीर करावा लागतो.

१. अडलंय कुठे, ते आधी पाहा

चित्रपट दिसेनासा होण्याची कारणं निरनिराळी असतात आणि कारणानुसार मार्ग बदलतो. ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर चुकीच्या दारावर टकटक करत बसाल.

पहिलं कारण हक्क. हिचकॉकचे ‘व्हर्टिगो’ आणि ‘रिअर विंडो’ धरून पाच चित्रपट कित्येक वर्षं पडद्यावर नव्हते. हक्क खुद्द दिग्दर्शकाकडे परत आले होते आणि हे चित्रपट प्रदर्शनातून काढून घेतलेले होते. १९८० साली तो वारला आणि १९८३-८४च्या सुमारास ते पुन्हा थिएटरांत लागले. हक्क असे एका हातात असतील तर निदान कोणाची वाट पाहायची ते कळतं. निर्मितीसंस्था बुडालेली, वारस चार ठिकाणी पांगलेले, कागद कोणाकडेच नाहीत, अशी स्थिती असेल तर महोत्सवातला एखाददुसरा शो हीच खरी आशा.

दुसरं कारण संगीत, आणि हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ सत्तरच्या दशकात पुरा झाला होता, पण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क मिटवलेले नव्हते. त्यामुळे तो रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ साल उजाडलं. मधल्या काळात तो नाहीसा झाला नव्हता. महोत्सवांत, संग्रहालयांत, विद्यापीठांत दाखवला जात होता. गाण्यांपायी अडकलेला चित्रपट डिस्कवर किंवा स्ट्रीमिंगवर शोधून उपयोग नसतो. तो अशा ठिकाणीच शोधायचा.

तिसरं कारण प्रतच नसणं किंवा अर्धवट असणं. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७च्या पहिल्या प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेला भाग गेलाच असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिमी निगेटिव्ह सापडली आणि २०१०च्या बर्लिन महोत्सवात जवळजवळ पूर्ण आवृत्ती दाखवली गेली. त्यामुळे ‘हरवलेला’ हा शिक्का पाहून लगेच हार मानू नका. मात्र ‘पूर्ण आवृत्ती’ असं लिहिलेलं दिसलं तर कोणती, कोणी तयार केलेली आणि कितव्या वर्षीची, हे विचारा.

चौथं कारण सगळ्यांत कंटाळवाणं: प्रत आहे, हक्कांचा तंटा नाही, फक्त सबटायटल नाहीत आणि कोणी मागितलेला नाही. माझ्या मते निम्म्याहून अधिक ‘दुर्मीळ’ चित्रपट याच खात्यात मोडतात. विचारणाऱ्याच्या चिकाटीला इथेच सर्वांत जास्त फळ येतं.

२. मूळ नावाने शोधा

चित्रपटाचं मूळ भाषेतलं नाव, मूळ लिपीत, आणि वर्ष टिपून ठेवा. परदेशी वितरणाची नावं देशागणिक बदलतात आणि संग्रहांच्या याद्या बहुधा मूळ नावानेच लावलेल्या असतात. दिग्दर्शकाच्या नावाची स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे टाकून पाहा.

३. कोण काय दाखवतं, ते ओळखून ठेवा

इटलीतल्या बोलोन्याचा ‘इल चिनेमा रित्रोवातो’ १९८६पासून भरतो आणि तो जुन्या, नव्याने सापडलेल्या, रिस्टोअर केलेल्या (म्हणजे खराब झालेली प्रत दुरुस्त करून पुन्हा उभ्या केलेल्या) चित्रपटांसाठीच आहे, जूनअखेरीस. मूकपटांसाठी इटलीतल्याच पोर्देनोने गावचा महोत्सव, १९८२पासून, ऑक्टोबरात, तेही थेट वाद्यसंगीताच्या साथीने. स्वित्झर्लंडमधला लोकार्नो आणि जर्मनीतला बर्लिन या नव्या चित्रपटांच्या महोत्सवांतही रेट्रोस्पेक्टिव्हचा, म्हणजे एखाद्या दिग्दर्शकाच्या किंवा विषयाच्या जुन्या चित्रपटांच्या मालिकेचा, मोठा विभाग असतो. फ्रान्सच्या कान महोत्सवात २००४पासून ‘कान क्लासिक्स’ आहे, पण तिथे अख्ख्या कारकिर्दीपेक्षा ताज्या रिस्टोरेशनवर भर. अमेरिकेत रोचेस्टरला नायट्रेट फिल्मच्या मूळ प्रिंट दाखवणारा छोटा महोत्सव भरतो. ती फिल्म पेट घेणारी, तिचं उत्पादन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, त्यामुळे ती चालवू शकणारी थिएटरं जगात मोजकीच. तिथला कॅटलॉग प्रत्येक प्रिंट किती टक्के आक्रसली आहे हेही छापतो.

या ठिकाणी जाणं सगळ्यांना जमत नाही, जमायला हवं असंही नाही. यांचे कार्यक्रम वाचायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. मोठी रेट्रोस्पेक्टिव्ह एका जागी थांबत नाहीत. लोकार्नोला लागलेली मालिका पुढच्या वर्ष-दीड वर्षात बऱ्याचदा निरनिराळ्या सिनेमाथेकांमधून (जुने चित्रपट जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्थांमधून) फिरते. नवं रिस्टोरेशन आधी मोठ्या महोत्सवात येतं, मग लहान महोत्सवांत, मग थिएटरांत, आणि शेवटी डिस्क किंवा स्ट्रीमिंगवर. म्हणजे बोलोन्याचा कार्यक्रम हा तुमच्यासाठी पुढच्या दोन वर्षांचा अंदाज असतो. रिस्टोरेशन चालू असल्याची बातमी दिसली की जुन्या प्रिंटसाठी धावपळ करू नका. त्या काळात हक्कदार ती बहुधा बाहेर देतच नाहीत.

४. कॅटलॉगमधली बारीक ओळ वाचा

कथासार नंतर वाचा. आधी त्याखालची बारीक अक्षरं. समजा असं लिहिलंय: ‘३५ मिमी, कृष्णधवल, २००० मीटर, १८ फ्रेम प्रतिसेकंद, जर्मन मथळे, इंग्रजी सबटायटल, प्रत: अमुक फिल्म संग्रहालय.’ या एका ओळीत पुष्कळ ऐवज आहे.

‘३५ मिमी’ म्हणजे खरी प्रिंट. ‘डीसीपी’ लिहिलं असेल तर डिजिटल प्रत. ती पुन्हा कुठेतरी दिसण्याची शक्यता जास्त. ‘मथळे’ म्हणजे मूकपटात दृश्यांच्या मधे येणाऱ्या लिखित पाट्या. लांबी आणि वेग यांवरून खरा वेळ काढता येतो. ३५ मिमीच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम असतात, म्हणून २००० मीटर सेकंदाला १८ फ्रेमने सुमारे ९७ मिनिटं चालतात आणि २४ने ७३. मूकपटाच्या दोन ठिकाणी दिलेल्या लांबीत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक दिसला तर काही कापलंय असं लगेच समजू नका, आधी वेग तपासा. दोन शोमधलं अंतर आखताना हाच हिशेब कामाला येतो.

सगळ्यांत मोलाचा भाग शेवटचा: प्रत कोणाकडून आली. ते नाव वहीत उतरवा. शो चुकला तरी आता तुम्हाला ठाऊक आहे की ही प्रिंट अमक्या संग्रहालयात आहे, ती अजून यंत्रावर चढू शकते आणि ते ती बाहेर देतात. जुने कॅटलॉग याच कामासाठी चाळावेत. बरेच महोत्सव ते संकेतस्थळावर ठेवतात.

५. निवड करताना नाव बाजूला ठेवा

रेट्रोस्पेक्टिव्हला गर्दी होते ती गाजलेल्या चित्रपटांना. तो चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्यात मजा आहे, मान्य. पण वेळ कमी असेल तर तोच आधी गाळा. माझा क्रम असा: आधी ज्याची प्रिंट एकाच संग्रहाकडे आहे तो, मग ज्याला याच शोसाठी सबटायटल तयार केलेत तो, मग लघुपट आणि माहितीपटांचे गठ्ठे. लघुपटांकडे फार थोडे जण वळतात, आणि नेमके तेच नंतर कुठे मिळत नाहीत. अपूर्ण चित्रपट, टीव्हीसाठी केलेली कामं, जाहिराती असा ‘इतर’ विभाग असेल तर तो चुकवू नका.

त्याच चित्रपटाचा दुसरा शो असेल तर पहिल्यालाच जा. प्रिंट वाटेत अडकते, रीळ तुटतं, वेळापत्रक बदलतं. दुसरा शो हाताशी राहू द्या.

बसायची जागाही विचार करून निवडा. जुन्या प्रिंटवर सबटायटल कोरलेले नसतील तर ते पडद्याखालच्या वेगळ्या पट्टीवर येतात आणि मागे कोणीतरी संवाद ऐकत एकेक ओळ बटण दाबून पुढे सरकवत असतं. पुढच्या रांगेतून चित्र आणि ती पट्टी एका नजरेत मावत नाहीत. मधोमध, जरा मागे बसा, आणि समोर उंच माणूस नको.

चित्रपटाआधी संग्रहालयाचा माणूस दोन शब्द बोलणार असेल तर वेळेवर पोहोचा. प्रत कशी मिळाली, कोणतं रीळ कुठून आलं, हे बहुधा तिथेच सांगितलं जातं. बाहेर पडताना त्याला गाठून नम्रपणे विचारलेला एक प्रश्न कैक तासांचा शोध वाचवतो.

६. अर्काइव्हला पत्र लिहा

आंतरराष्ट्रीय फिल्म संग्रहालय महासंघ, म्हणजे फियाफ, १९३८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. त्याच्या संकेतस्थळावर जगभरच्या सदस्य संग्रहालयांची यादी आहे. अनेकांकडे अभ्यासकांसाठी चित्रपट पाहण्याची सोय असते: ‘स्टीनबेक’ नावाच्या टेबलावर रीळ आडवं ठेवून लहान काचेवर, किंवा नुसती डिजिटल फाइल संगणकावर. पाहायला मिळते ती ‘पाहण्याची प्रत’. जतनासाठीची मूळ प्रत कोणी देणार नाही, मागूही नका.

अभ्यासक म्हणजे प्राध्यापकच हवा असं नाही, पण काम काय ते सांगता आलं पाहिजे. लेख, टिपण, फिल्म सोसायटीचं व्याख्यान, काहीही. पत्र छोटं ठेवा, साधारण असं:

‘नमस्कार. मी अमुक दिग्दर्शकाच्या सुरुवातीच्या चित्रपटांवर लेख लिहीत आहे. मूळ नाव अमुक, वर्ष अमुक, या चित्रपटाची पाहण्यासाठीची प्रत आपल्या संग्रहात आहे का? असल्यास ती कोणत्या स्वरूपात आहे, आपल्याकडे येऊन पाहायची तर किती आधी कळवावं लागेल, आणि काही शुल्क असेल का? मला अमुक ते अमुक या आठवड्यांत येणं शक्य आहे.’

एका पत्रात एक किंवा दोनच चित्रपट. तीस नावांची यादी पाठवलीत तर ती बाजूला पडते. रीळ गोदामातून काढून खोलीच्या तापमानाला आणावं लागतं, तपासावं लागतं. काही आठवडे लागतात. महिनाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दर दोन दिवसांनी नको.

७. घरबसल्या जे मिळतं, तेही सोडू नका

काही संग्रहालयं स्वतःच चित्रपट खुले करतात. सिनेमाथेक फ्रान्सेझचं ‘आंरी’ हे विनामूल्य दालन २०२० साली सुरू झालं. कोरियन फिल्म अर्काइव्ह आपले अभिजात चित्रपट सबटायटलसह यूट्यूबवर ठेवतं. डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटने डेन्मार्कचे मूकपट ऑनलाइन आणले आहेत. पोर्देनोनेही २०२०पासून कार्यक्रमाचा काही भाग ऑनलाइन दाखवतो. २७ ऑक्टोबर हा युनेस्कोचा दृक्‌श्राव्य वारसा दिन. त्या सुमाराला अनेक संग्रहालयं खास खेळ ठेवतात, म्हणून तो आठवडा तेवढा मोकळा ठेवा. डिस्क मागवणार असाल तर आधी तिचा रीजन कोड (ती कोणत्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल ती खूण) आणि तुमचा प्लेअर जुळतो का ते बघा.

कोणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली धूसर प्रत फिरत असतेच. तिचा कायदेशीर भाग सोडला तरी तीत चौकट कापलेली असते, मूकपट चुकीच्या वेगाने धावतो, आणि चित्रपटाला मागणी आहे हे हक्कदाराला कधी कळतच नाही.

८. कोणीच दाखवत नसेल तर तुम्ही दाखवा

फिल्म सोसायटी, महाविद्यालय, ग्रंथालय यांपैकी कोणाला तरी सोबत घ्या. दोन परवानग्या लागतात, दोन्ही लेखी: प्रदर्शनाचा हक्क हक्कदाराकडून आणि प्रत संग्रहालयाकडून. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. सुरुवात हक्कदारापासून करा. त्याचा होकार दाखवल्याशिवाय बहुतेक संग्रहालयं प्रत बाहेर काढत नाहीत. शुल्क, वाहतूक, विमा आणि सबटायटल हे चार खर्च पहिल्याच पत्रव्यवहारात विचारून घ्या. ३५ मिमी मागण्यापूर्वी प्रोजेक्टर चालू आहे का आणि तो चालवणारा जाणकार माणूस कोण, हे पक्कं करा. संग्रहालय हा प्रश्न विचारणारच.

डीसीपी येणार असेल तर ती बऱ्याचदा कुलूपबंद असते. तिची डिजिटल चावी ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखा-वेळांपुरती बनवलेली असते. म्हणून थिएटरच्या सर्व्हरची माहिती वेळेत पाठवा, चावीतली वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने दिली आहे ते पाहा, आणि तिच्या मुदतीत चाचणीचा खेळही बसेल असं आधीच मागून घ्या. चाचणीत पहिली दहा मिनिटं पाहून उठू नका. मधलं एक आणि शेवटचं एक दृश्य लावा, आवाज आणि सबटायटल तिन्ही ठिकाणी तपासा.