अमेरिकेतली रोडसाइड तपासणी: ट्रक निघण्याआधी काय बघायचं आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं

वजनकाट्यावर कोणता ट्रक बाजूला घ्यायचा, याचा अर्धा निर्णय गाडी नजरेस पडायच्या आधीच झालेला असतो. प्रत्येक कंपनीच्या डीओटी नंबराला (अमेरिकी वाहतूक खात्याकडचा नोंदणी क्रमांक) आयएसएस नावाचा, तपासणीची गरज दाखवणारा गुणांक चिकटलेला असतो. तो १ ते ४९ असेल तर गाडी जाऊ द्या, ५० ते ७४ असेल तर वाटल्यास थांबवा, ७५ ते १०० असेल तर तपासा, असा त्याचा अर्थ. काट्यावर न थांबता पुढे जाऊ देणाऱ्या बायपास सेवांचा हिरवा-लाल दिवाही याच आकड्यावर चालतो. त्यामागे एफएमसीएसएकडची (ट्रक-बस सुरक्षेची फेडरल यंत्रणा) मागच्या २४ महिन्यांची नोंद असते. त्यातल्या शेवटच्या सहा महिन्यांतल्या चुकांना तिप्पट वजन, सहा ते बारा महिन्यांतल्यांना दुप्पट आणि त्याआधीच्यांना एकपट. थोडक्यात, एक वाईट तपासणी पुढच्या चार तपासण्या ओढून आणते.

उरलेला अर्धा निर्णय डोळ्यांनी होतो. विझलेला मार्कर दिवा, लोंबणारा पट्टा, चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ, उभ्या गाडीतून येणारा हवेचा फुस्स आवाज. यातलं काहीही दिसलं-ऐकलं की इन्स्पेक्टर खाली वाकतोच.

दोन वेगळ्या पट्ट्या

नियमभंग वेगळा आणि ‘आउट ऑफ सर्व्हिस’ वेगळं. नियम फेडरल कायद्यातले; गाडी किंवा ड्रायव्हरला जागीच थांबवण्याचे निकष सीव्हीएसए (तपासणी यंत्रणांची उत्तर अमेरिकेतली संघटना) ठरवते आणि दरवर्षी १ एप्रिलपासून सुधारित निकष लागू होतात. उदाहरण टायरचंच घ्या. पुढच्या स्टिअरिंग टायरची नक्षी ४/३२ इंचापेक्षा कमी झाली की नियमभंग लिहिला जातो. तीच शेजारशेजारच्या दोन मुख्य खाचांत २/३२ च्या खाली गेली की गाडी तिथेच उभी. म्हणून ‘गाडी सोडली ना, मग झालं’ हा हिशेब चुकीचा आहे. गाडी सुटली तरी नोंद दोन वर्षं राहते. यार्डातली तपासणी कायम कडक पट्टीने, म्हणजे नियमाच्या पट्टीने करा.

पूर्ण तपासणी म्हणजे लेव्हल १. तिच्या ३७ पायऱ्या असतात आणि इन्स्पेक्टर गाडीखाली जातो. लेव्हल २ मध्ये गाडीभोवती फेरी, लेव्हल ३ मध्ये फक्त ड्रायव्हर आणि कागद. तयारी लेव्हल १ चीच करायची. बाकीचं तिच्यात आपोआप येतं.

ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पाच अ‍ॅक्सलच्या ट्रॅक्टर-ट्रेलरला दहा ब्रेक असतात. एकूण ब्रेकपैकी २० टक्के किंवा जास्त सदोष निघाले की गाडी बंद, म्हणजे दहांतले दोन पुरेसे. स्टिअरिंग अ‍ॅक्सलवर तर डाव्या-उजव्या बाजूचे चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारे डबे) वेगवेगळ्या मापाचे निघाले, तरी तेवढ्यावरच गाडी थांबते. घाईत एका बाजूचा चेंबर बदलताना ही चूक हमखास होते.

पुशरॉडचा (चेंबरमधून बाहेर सरकून ब्रेक लावणारा दांडा) स्ट्रोक, म्हणजे तो किती सरकतो ते, मोजायला दोन माणसं, खडू आणि पट्टी लागते:

१. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, मग डॅशबोर्डवरचे ब्रेकचे दोन्ही नॉब आत ढकलून स्प्रिंग (पार्किंग) ब्रेक सोडा.
२. इंजिन बंद ठेवून टाकीतली हवा ९० ते १०० पीएसआयच्या दरम्यान आणा. जास्त असेल तर पेडल मारून उतरवा. १२० वर मोजलेला स्ट्रोक खरा नसतो.
३. चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूची रेघ मारा.
४. दुसऱ्याने पेडल पूर्ण दाबून धरायचं. रेघ चेंबरपासून किती बाहेर आली ते मोजा.

साध्या टाइप ३० चेंबरला मर्यादा २ इंच, लाँग स्ट्रोक टाइप ३० ला २ १/२ इंच. टाइप २० आणि २४ ला १ ३/४ इंच, तर लाँग स्ट्रोक २४ ला २ इंच. लाँग स्ट्रोक ओळखायची खूण म्हणजे हवेच्या नळीच्या जोडाजवळचा चौकोनी उठाव आणि समलंब आकाराची पट्टी. ती पट्टी रंगाखाली किंवा ग्रीसखाली गेली असेल तर घासून साफ ठेवा. खूण दिसली नाही तर इन्स्पेक्टर कमी मर्यादा धरणार, आणि ठीक असलेला ब्रेक कागदावर खराब ठरणार.

स्ट्रोक जास्त आला की पाना घेऊन स्लॅक (पुशरॉडला ब्रेकशी जोडणारा, स्ट्रोक कमी-जास्त करणारा भाग) आवळायचा मोह होतो. ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या बाबतीत हे करू नका. तो स्वतः अ‍ॅडजस्ट होत नसेल तर कारण दुसरीकडे असतं: क्लेव्हिसची पिन झिजलेली, एस-कॅमचे बुश ढिले, ब्रॅकेट वाकलेला, किंवा मुळातच चुकीच्या कोनात बसवलेला अ‍ॅडजस्टर. हाताने आवळला की आज माप बरोबर येतं, काही दिवसांत पुन्हा बाहेर जातं आणि मधल्या काळात ड्रायव्हरला वाटतं ब्रेक ठीक आहेत. आधी सांधे तपासा, मग दोष असेल तर अ‍ॅडजस्टर बदला, आणि एकाच अ‍ॅक्सलवरचे दोन्ही सारखे ठेवा.

लायनर (ब्रेक शूवरचा घर्षणाचा थर): मागच्या ड्रम ब्रेकला किमान १/४ इंच. स्टिअरिंग अ‍ॅक्सलच्या ड्रमला, लायनर सलग पट्टीचा असेल तर ३/१६ इंच. एअर डिस्कच्या पॅडला १/८ इंच. लायनरवर तेल किंवा ग्रीस दिसलं तर जाडी मोजत बसू नका. हबचा सील गेला आहे.

हवेची गळती रोज तपासता येते. इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेले, पेडलला पाय न लावता एका मिनिटात जोडगाडीची हवा ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. पेडल दाबून धरल्यावर ४ पेक्षा जास्त नाही. सीडीएलच्या (व्यावसायिक वाहन परवान्याच्या) परीक्षेतही हेच आकडे आहेत, तरी कामाला लागल्यावर ही चाचणी करणारे थोडेच. पुढे पेडल मारत हवा उतरवा. काटा ५५ च्या खाली जाण्याआधी इशारा मिळायला हवा.

ट्रेलरचा पिवळा एबीएस दिवा डाव्या बाजूला मागे असतो. करंट मिळताच तो क्षणभर लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड, आणि मुळीच लागला नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय अशी शंका येते.

टायर, दिवे, पाटे

स्टिअरिंगखेरीज बाकी टायरना २/३२ इंच नक्षी लागते. कुठेही तारा किंवा कापड उघडं पडलेलं नको. जोडीतला आतला टायर गेजने तपासा, लाथ मारून नव्हे. साइडवॉलवर छापलेल्या कमाल दाबाच्या निम्मी किंवा कमी हवा असेल तर तो टायर पंक्चर धरतात, आणि जोडीत असताना ते बाहेरून कळत नाही. जोडीचे दोन टायर एकमेकांना घासताहेत का, तेही बघा.

दिवे सगळे लागले पाहिजेत. ब्रेक दिवा बघायला दुसरा माणूस नसेल तर गाडी भिंतीला पाठ करून उभी करा. कमानपाट्यांत तुटलेलं किंवा सरकलेलं पान आणि ढिले यू-बोल्ट शोधा. केबिनमध्ये ५ बी:सी क्षमतेचा (तेल-वायू आणि विजेच्या आगींसाठीचं माप), चार्ज असलेला आणि ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवलेला अग्निशामक हवा (धोकादायक मालाचे फलक लावलेल्या गाडीत १० बी:सी), शिवाय तीन परावर्तक त्रिकोण. अग्निशामक सीटमागे लोळत असेल तर तो असून नसल्यासारखाच.

माल बांधणी

पट्ट्यांची संख्या दोन हिशेबांनी काढतात आणि मोठी संख्या लागू होते. लांबीचा हिशेब: पुढे आडवा आधार नसेल तर पहिल्या १० फुटांना दोन, नंतरच्या प्रत्येक १० फुटांना किंवा त्याच्या भागाला एक. वजनाचा हिशेब: सगळ्या पट्ट्यांची मिळून वर्किंग लोड लिमिट (सुरक्षितपणे पेलता येणारा भार) मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी.

समजा २० फूट लांबीचा, ४०,००० पौंडांचा माल आहे. लांबीने तीन पट्टे. वजनाने २०,००० पौंडांची क्षमता हवी. ५,४०० पौंडांचे शिक्के असलेले चार इंची पट्टे मालावरून आडवे टाकले तर चार लागतात. आता त्याच पट्ट्यांचे टॅग फाटून गेले असतील तर इन्स्पेक्टर चार इंची पट्ट्याला ४,००० पौंडच धरतो आणि पट्टे लागतात पाच. फाटक्या टॅगचे पट्टे वेळीच बाजूला काढा. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी तपासायची. पुढे ड्यूटी स्टेटस बदलताना, ३ तासांनी किंवा १५० मैलांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.

ड्रायव्हर आणि ईएलडी

सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते. एकूण ८ तास चालवून झाले की ३० मिनिटांचा खंड. आणि ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास. हे ड्रायव्हरला पाठ असतं. अडकतो तो बारीकसारीक गोष्टींत. केबिनमध्ये ईएलडीचं (चालवण्याचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र) माहितीपुस्तक, डेटा कसा पाठवायचा आणि बिघाड झाल्यास काय करायचं याची सूचनापत्रकं, आणि किमान आठ दिवस पुरतील एवढे कोरे लॉग कागद असायलाच हवेत. डेटा पाठवायचा सराव ऑफिसात करून घ्या. ईएलडी बंद पडला तर २४ तासांत कंपनीला लेखी कळवायचं, कागदी लॉग सुरू करायचा, आणि कंपनीने ८ दिवसांत दुरुस्ती करायची. पर्सनल कन्व्हेयन्स (खासगी कामासाठी गाडी चालवल्याची नोंद) लावून पुढच्या लोडच्या दिशेने जाणं हा खोटा लॉग ठरतो. वेळ वाचवायच्या नादात हीच पळवाट सर्वांत महाग पडते.

२५ जून २०२५ पासून इंग्रजी न येणं हाही ड्रायव्हरला थांबवण्याचा निकष आहे. इन्स्पेक्टर आधी बोलून बघतो, मग रस्त्यावरच्या पाट्या ओळखायला लावतो. बोलताना दुभाषा, भाषांतराचं अ‍ॅप किंवा लिहून ठेवलेली कार्डं चालत नाहीत. कुठून आलात, कुठे चाललात, माल काय, किती तास झाले, एवढ्या प्रश्नांची उत्तरं सहज देता येतील असा सराव हवाच.

रिपोर्ट हातात आल्यावर

ड्रायव्हरने रिपोर्ट कंपनीला द्यायचा. २४ तासांत टर्मिनलला पोहोचणार नसेल तर लगेच पाठवायचा. आउट ऑफ सर्व्हिस ठरलेली गाडी दुरुस्तीशिवाय हलवायची नाही, पुढच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. बाकीचे दोष दुरुस्त करून, सही करून, तपासणीच्या तारखेपासून १५ दिवसांत रिपोर्ट त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर परत गेला पाहिजे. प्रत १२ महिने ठेवा आणि तिला गॅरेजचं बिल जोडा. ऑडिटमध्ये आधी हीच जोडी मागतात.

लेव्हल १ मध्ये गाडीचा एकही गंभीर दोष निघाला नाही तर सीव्हीएसएचा स्टिकर मिळतो. तो त्या महिन्यासह पुढचे दोन महिने चालतो. निर्दोष तपासणीचा रिपोर्टही मागून घ्या. तो गुणांक खाली आणतो.

नोंद चुकीची असेल तर डेटाक्यूजवर (नोंदी दुरुस्त करून घ्यायची एफएमसीएसएची वेबसाइट) तक्रार करा. तपासणीसाठी मुदत तीन वर्षांची. ‘इन्स्पेक्टर उगाच कडक होता’ असं लिहून काही होत नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी तुमच्या नावावर चढली, एकच दोष दोनदा आला, किंवा त्याच दोषाचं चलन कोर्टाने रद्द केलं, अशा तक्रारी टिकतात. सोबत लीजचा करार, फोटो किंवा कोर्टाचा कागद जोडा.

आणि एमसीएस-१५० (कंपनीच्या माहितीचा फॉर्म) दर दोन वर्षांनी भरा. डीओटी नंबरचा शेवटचा आकडा महिना सांगतो: १ म्हणजे जानेवारी, ० म्हणजे ऑक्टोबर. त्याआधीचा आकडा विषम असेल तर विषम वर्षी, सम असेल तर सम वर्षी. गाड्यांची संख्या आणि मैल त्यात जुनेच राहिले तर काही गुणांक त्या जुन्या आकड्यांवरच काढले जातात, आणि वाढलेल्या कंपनीला ते विनाकारण जड जातात.