इंग्लंडमध्ये लग्न की सिव्हिल पार्टनरशिप? या चुका टाळा

हॉल घेतला, गुरुजी बोलावले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, सप्तपदीही झाली. दीडशे पाहुणे मसालेभात-जिलेबी जेवून गेले. तरीही इंग्लंडच्या कायद्यापुरतं त्या दिवशी लग्न लागलेलंच नसतं. इथल्या मराठी घरांत सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा तीन गोष्टी बघतो: रजिस्टर ऑफिसला आधी दिलेली लग्नाची नोटीस, मान्यता असलेली जागा आणि रजिस्ट्रार किंवा अधिकृत व्यक्तीसमोर झालेला विधी. काही मंदिरं लग्नांसाठी नोंदलेली असतात, पण सगळी नाहीत. तेव्हा तारीख धरण्याआधी मंदिराच्या ऑफिसात स्पष्ट विचारा. या चुकीचा फटका कुठवर बसतो, ते अख्तर-खान खटल्यात दिसलं. त्या जोडप्याचा निकाह १९९८ साली लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये झाला, पुढे चार मुलं झाली, पण कायदेशीर विधी राहूनच गेला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की ते लग्न ‘रद्दबातल’ म्हणण्याइतकंही लग्न नव्हतं. अशा वेळी घटस्फोटात मिळतात तसे घर, पेन्शन, पोटगीचे आदेश मागायला जागाच उरत नाही. उपाय अगदी साधा आहे. रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदार घेऊन छोटा विधी उरकायचा आणि मंगलाष्टकं गुरुजींच्या मुहूर्तावर करायची.

पुण्यात किंवा साताऱ्यात लग्न करून आलेल्यांची चूक नेमकी उलटी असते. ‘आता इथेही रजिस्टर करू’ म्हणून ते कौन्सिलला फोन लावतात. परदेशात रीतसर झालेलं लग्न इथे पुन्हा नोंदवायची सोय नाही आणि गरजही नाही. भारतातलं प्रमाणपत्र पुरतं. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर सोबत ठेवा. नोटिशीत स्वतःला अविवाहित लिहून दुसऱ्यांदा लग्न लावायला जाणं म्हणजे खोटं निवेदन. बरीच जोडपी आधी इथे सही करतात आणि सहा महिन्यांनी गावी थाटात लग्न करून तेही महापालिकेत नोंदवतात. मग हातात दोन प्रमाणपत्रं आणि दोन तारखा येतात, आणि व्हिसाच्या फॉर्मवर कुठली लिहायची यावर वाद होतात. इथला विधी आधी झाला असेल तर कायदेशीर तारीख तीच धरा. गावचा सोहळा सोहळाच राहू द्या.

‘आम्ही बारा वर्षं एकत्र राहतो, म्हणजे कायद्याने नवरा-बायकोच झालो’ हा समज तर इथल्या गोऱ्या शेजाऱ्यांमध्येही पक्का आहे. इंग्लंडमध्ये असं काही नसतं. मृत्युपत्र नसेल आणि जोडीदार गेला तर वारसाहक्काच्या नियमांत सोबत राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. कोर्टात दावा लावता येतो, पण तो वेळेचा आणि वकिलाचा खेळ. याउलट नवरा-बायको किंवा सिव्हिल पार्टनर (म्हणजे लग्नाऐवजी कायद्याने नोंदवलेल्या नात्यातले जोडीदार) असाल आणि मुलं असतील तर घरगुती वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्या मालमत्तेचा अर्धा भाग मिळतो. दोघांत दिल्या-घेतल्या वारशावर सहसा वारसा कर लागत नाही, ही सवलतही सोबत राहणाऱ्यांना नाही. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या ओळखीच्यांचा सल्ला इकडे चालवू नका.

मग सिव्हिल पार्टनरशिप का नको? ही व्यवस्था समलिंगी जोडप्यांसाठी २००५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्यांना लग्नाचा हक्क २०१४ मध्ये मिळाला. स्टाइनफेल्ड आणि कीडन या स्त्री-पुरुष जोडप्याने २०१८ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात बाजी मारली, आणि ३१ डिसेंबर २०१९ पासून स्त्री-पुरुष जोडप्यांनाही ती खुली झाली. करात, पेन्शनमध्ये, वारशात लग्नाशी जवळपास बरोबरी. शपथ म्हणायची सक्ती नाही, सह्या झाल्या की झालं. ज्यांना ‘पती-पत्नी’ हा साचा नको असतो त्यांना ती आवडते, आणि त्यात गैर काही नाही.

अडचण विमानतळापलीकडे आहे. भारतीय कायद्यात सिव्हिल पार्टनरशिप नावाचा दर्जाच नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला किंवा तशा नोंदणीकृत नात्याला मान्यता देण्यास नकार दिला. परदेशी जोडीदारासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवं असेल तर भारताचा नागरिकत्व कायदा नोंदणीकृत आणि सलग दोन वर्षं टिकलेलं लग्न मागतो. स्त्री-पुरुष जोडपं असाल आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये, आईवडिलांच्या जमिनीत किंवा भारतातल्या बँकेत तुमचं काही अडकलेलं असेल, तर माझं मत सरळ आहे: लग्नच करा. पुढे बदलून घेऊ म्हणाल, तर इंग्लंडमध्ये स्त्री-पुरुष जोडप्याला सिव्हिल पार्टनरशिपचं लग्नात रूपांतर करता येत नाही. ती सोय समलिंगी जोडप्यांनाच आहे.

नोटिशीची गफलत बहुतेक वेळा हॉलचं आगाऊ भाडं बुडवून जाते. नोटीस द्यायला दोघांनी स्वतः जावं लागतं, त्याआधी त्या भागात निदान सात दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नंतर २८ दिवस थांबायचं. वर्क व्हिसावर असाल तर ठरावीक ऑफिसातच आणि दोघांनी एकत्र जायचं. गृहखात्याला चौकशी करावीशी वाटली तर थांबणं ७० दिवसांपर्यंत जातं. नोटिशीत जागा लिहिलेली असते, तसंच लग्न की सिव्हिल पार्टनरशिप हेही. यातलं काही बदललं की नवी नोटीस आणि नवी वाट. साध्या टुरिस्ट व्हिसावर आलेल्या जोडीदाराशी इथे लग्न करता येत नाही, त्यासाठी वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो. हे वऱ्हाडाची तिकिटं काढायच्या आधी बघा.

आधीचं लग्न मोडलेलं असेल तर न्यायालयाचा शिक्का असलेला अंतिम हुकूमनामा लागतो, वकिलाचं पत्र चालत नाही. परदेशातला घटस्फोट असल्यास कागद अनेकदा वरच्या कार्यालयात तपासायला जातात, त्याचेही दिवस धरा. विधी मंदिरात झाला असेल तर सह्या केलेलं शेड्यूल (ज्यावरून लग्नाची नोंद होते तो कागद) २१ दिवसांत रजिस्टर ऑफिसला पोचवायचं असतं. ते कुणाच्या ताब्यात राहणार हे आदल्या दिवशीच ठरवून टाका, कारण ते पोचून नोंद झाल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही.

एक मात्र कुणीच सांगत नाही. लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप झाली की आधी केलेलं मृत्युपत्र इथे सहसा आपोआप रद्द होतं. पहिल्या लग्नाच्या मुलांच्या नावे काही ठेवलं असेल तर ते पुन्हा लिहून घ्यावं लागेल.