ब्रिटनमध्ये नव्याने आलात? आधी ओ-यू-जी-एचचे शब्द ओळखून घ्या

इंग्रजी माध्यमात शिकलेला माणूसही इथे आल्यावर चार अक्षरांपाशी अडखळतो: ओ, यू, जी, एच. ही शेजारी-शेजारी आली की त्यांचा उच्चार सात-आठ तऱ्हांनी होतो, आणि नेमके असेच शब्द स्टेशनवर, दवाखान्यात, घरमालकाच्या पत्रात भेटतात. नियम शोधत बसू नका, भरवशाचा नियम नाही. जुन्या इंग्रजीत या जी-एचच्या जागी घशातून काढायचा ध्वनी होता, साधारण उर्दूतल्या ख़सारखा. पुढे तो बऱ्याच शब्दांतून गळाला, काहींत त्याचा फ झाला. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्यानंतर स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले, उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणून हे शब्द उच्चारांप्रमाणे गट पाडून, पाढ्यांसारखे पाठ करावेत.

सुरुवात गावांपासून करा. पॅडिंग्टनहून रेडिंगकडे जाताना लागणारे गाव ‘स्लाउ’. स्लो नाही आणि स्लफही नाही. अर्थ दलदल. याच गटात ‘प्लाउ’ म्हणजे नांगर (या नावाचे पब खूप गावांत दिसतील), ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी आणि ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण. लेस्टरजवळचे विद्यापीठाचे गाव ‘लफबरा’. त्यात ही चार अक्षरे दोनदा येतात आणि दोन्ही वेळा वेगळी वाचली जातात. शेवटचा तुकडा म्हणजे ‘बरा’, अगदी मराठीतल्या बरासारखा. सुटा वापरला तर अर्थ स्वतःची नगरपालिका असलेला भाग. लंडनमध्ये असे ३२ बरा आहेत आणि सिटी ऑफ लंडन वेगळे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, तुमच्या बराच्या कौन्सिलकडे भरायचा. मतदार यादीत नावही तिथेच नोंदवा. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना मतदान करता येते. मिडल्सबरा लिहिताना मात्र जपा: त्यात बीनंतर थेट आर येतो, मधे ओ नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा खोकल्याच्या शब्दात होतो. आपल्याकडे ‘कफ सिरप’ म्हणायची सवय असते. इथे उच्चार ‘कॉफ’, आणि ‘कफ’ म्हटले तर समोरच्याला शर्टाच्या बाहीचे टोक आठवते. शिवाय मराठीत कफ म्हणजे छातीतला चिकट स्राव, तर इंग्रजी कॉफ म्हणजे नुसता खोकला. त्यामुळे डॉक्टरांना भलतेच लक्षण कळते. कोरड्या खोकल्याला ‘ड्राय कॉफ’ म्हणा, घसा खवखवून येणाऱ्याला ‘टिकली कॉफ’, कफ सुटत असेल तर ‘चेस्टी कॉफ’. स्रावाला ‘फ्लेम’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमधला जी मुका. आधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. खोकला ३ आठवड्यांहून अधिक टिकला तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाच. रक्त पडले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर इतके दिवस मुळीच थांबू नका.

‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’ हे उच्चार आपल्याला येतात, अर्थ मात्र वाढतात. रफ वही आपण शाळेपासून वापरली. इथे कुणी ‘फीलिंग रफ’ म्हणाले तर त्याला बरे वाटत नाहीये, आणि ‘स्लीपिंग रफ’ म्हणजे घर नसल्याने रस्त्यावर झोपणे. मटण ‘टफ’ म्हणजे चिवट.

लेखी व्यवहारात चार शब्द एकमेकांत मिसळतात. ‘दो’ म्हणजे जरी किंवा तरी. त्याला शेवटी टी जोडला की ‘थॉट’, विचार. टी-एचनंतर आर घातला की ‘थ्रू’, मधून किंवा मार्फत. टी-एच-ओ-आर करून पुढे ओ-यू-जी-एच लिहिले की ‘थरा’, म्हणजे कोपरान्‌कोपरा धरून केलेले. चारही शब्द खरे असल्याने संगणक चूक दाखवेलच असे नाही, तेव्हा ईमेल पाठवण्यापूर्वी ते डोळ्यांनी तपासा. फोनवर ‘पुट यू थ्रू’ ऐकलेत तर फोन ठेवू नका, जोडून देत आहेत. घर सोडताना ‘थरा क्लीन’ मागितली तर ओव्हनच्या आतली बाजूही त्यात आली. तिथेच डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

‘बॉट’ म्हणजे विकत घेतले, ‘ब्रॉट’ म्हणजे आणले. फरक एका आरचा. बिघडलेली वस्तू परत करताना दोन्ही लागतात: इथून ‘बॉट’, आता परत ‘ब्रॉट’. दुकानातून घेतलेली सदोष वस्तू ३० दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे मागायचा हक्क २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दिला आहे, पावती जपून ठेवा. दशांश चिन्हाआधीचे शून्य ‘नॉट’, तेही याच गटातले. ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक. पोळ्यांसाठी पीठ हवे असेल तर ‘चपाती फ्लार’ मागा.

ओच्या जागी ए असलेला एक भाऊबंदही लगेच शिका: डी-आर-ए-यू-जी-एच-टी, उच्चार ‘ड्राफ्ट’, म्हणजे फटीतून येणारा गार वारा. घर पाहायला जाल तेव्हा खिडक्यांच्या कडा, दाराखालची फट आणि पत्र टाकायची झडप यांपाशी हात धरून बघा. वारा लागला तर हिवाळ्यात हीटिंगचे बिल चढेल. दाराच्या बुडाशी ठेवायच्या लांब उशीला ‘ड्राफ्ट एक्सक्लूडर’ म्हणतात.

उत्तर आयर्लंडला गेलात तर तळ्याला ‘लॉक’ म्हणतात. तिथले ‘लॉक ने’ हे क्षेत्रफळाने युनायटेड किंग्डममधले सर्वात मोठे तळे. आडनावांत तर इथलेही चुकतात. क्रिकेटमुळे डॅरेन गॉफ आपल्याला ठाऊक आहे, पण क्लफ आडनावात तीच अक्षरे ‘अफ’ होतात. नव्या सहकाऱ्याच्या आडनावात ती दिसली तर पहिल्याच भेटीत उच्चार विचारून घ्या. इथे ते अजिबात वावगे मानत नाहीत.