डेव्हलपर टूलचं सबस्क्रिप्शन घेताय? लायसन्सच्या अटी अशा वाचा

आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), कंटेनरचं टूल (अ‍ॅप त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट डबाबंद करून चालवणारं), एआय असिस्टंट: डेव्हलपरच्या लॅपटॉपवरचं बरंचसं सामान आता भाड्याचं असतं. भाडेकरार म्हटला की आपण घरमालकाला दहा प्रश्न विचारतो, आणि इथे मात्र वीस पानांच्या अटी न उघडताच ‘आय अ‍ॅग्री’ दाबून मोकळे होतो. वीसच्या वीस पानं वाचायची गरज नाही. पण काही जागा अशा आहेत की त्या चुकवल्या तर पुढे क्लायंटच्या ऑडिटमध्ये घाम फुटतो.

आधी ठरवा, लायसन्स कोणाच्या नावावर

आयटी पार्कात हे संभाषण नेहमी कानावर पडतं: “तू घेऊन टाक ना बे, बिल लाव, पुढच्या पगारात देऊन देतो.” मॅनेजरचा हेतू चांगला असतो, पण गडबड नेमकी इथेच होते. आयडीई बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचं वैयक्तिक लायसन्स स्वस्त असतं आणि ते ऑफिसच्या कामालाही चालतं. अट एवढीच की पैसे तुमच्याच खिशातून गेले पाहिजेत. कंपनीने ते परत दिले की अट मोडली. कंपनीला खर्च उचलायचा असेल तर तिने संस्थेसाठीचं महाग लायसन्स घ्यावं.

विद्यार्थी लायसन्सचंही तसंच. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या पोराला कॉलेजच्या ईमेलवर फुकट मिळालेलं टूल अभ्यासासाठी असतं. त्याच टूलवर सीताबर्डीच्या दुकानदाराची वेबसाइट पैसे घेऊन बनवली की तो धंदा झाला, आणि बहुतेक शैक्षणिक लायसन्सांना तो चालत नाही.

मग ‘फुकट’ कोणाला, ते व्याख्येत शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. करार उघडून कंट्रोल-एफ दाबा आणि ‘रेव्हेन्यू’, ‘एम्प्लॉइज’, ‘अ‍ॅफिलिएट’, ‘कमर्शियल’ हे शब्द इंग्रजीत शोधा.

धरमपेठेत ४० जणांची एक कंपनी आहे, वर्षाची उलाढाल १२ कोटी रुपये, असं धरून चालू. डॉकर डेस्कटॉप हे कंटेनरचं टूल तिला फुकट वापरता येतं, कारण त्यांची अट आहे २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न. दोन्ही आकड्यांच्या आत ती आरामात बसते. आता तीच कंपनी मायक्रोसॉफ्टच्या आयडीईची मोफत आवृत्ती, व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, उघडते. मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येत २५० पेक्षा जास्त पीसी किंवा वापरकर्ते, नाहीतर १० लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलं की तुम्ही ‘एंटरप्राइझ’. १२ कोटी रुपये त्या रेषेच्या वर जातात. म्हणजे माणसं ४० असली तरी रोजच्या कामासाठी कम्युनिटी आवृत्ती बाद. वर्गात शिकणं, संशोधन, ओपन सोर्स अशा मोजक्या सवलती उरतात. उलाढाल कमी असती, तरी पाचच जणांना ती वापरता आली असती.

एकच कंपनी, दोन टूल्स, दोन वेगळी उत्तरं. त्यामुळे ‘आपण छोटे आहोत, आपल्याला सगळं फ्री’ हे गृहीत धरू नका.

‘अ‍ॅफिलिएट’ म्हणजे संलग्न कंपनी, या शब्दाकडेही लक्ष द्या. मिहानमधलं तुमचं ऑफिस वीस जणांचं असेल, पण मूळ कंपनी परदेशात मोठी असेल तर हिशेब सगळ्यांचा मिळून होतो. फ्रीलान्सरांनीही सावध राहावं: मायक्रोसॉफ्टच्या त्याच अटीत एंटरप्राइझच्या कर्मचाऱ्यांसोबत कंत्राटदारही मोजलेले आहेत.

ऑक्टोबर २०२४ पासून जेटब्रेन्सचे वेबस्टॉर्म आणि रायडर हे आयडीई बिगर-व्यावसायिक वापराला मोफत आहेत. शिकायला, छंदाला मस्तच. फक्त त्या लायसन्समध्ये निनावी वापराची आकडेवारी कंपनीकडे जाते आणि ती बंद करता येत नाही. हे चालत असेल तरच घ्या.

पैसे थांबवले की काय उरतं

काही टूल्स मुदत संपताच बंद पडतात. जेटब्रेन्समध्ये सलग १२ महिने पैसे भरले की एक जुनी आवृत्ती कायमची वापरता येते. पण कोणती? ते बारा महिने सुरू झाले तेव्हा जी होती ती. शेवटच्या दिवशी तुमच्या मशीनवर असलेली ताजी आवृत्ती नव्हे. म्हणजे सबस्क्रिप्शन सोडायचं तर जवळपास वर्षभर मागे जायची तयारी हवी. प्रोजेक्ट प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर गेलेला असेल तर हे आधीच तपासून घ्या.

रिन्युअल आणि बिल

ऑटो-डेबिट चालू आहे का, रद्द करायला किती दिवस आधी सांगावं लागतं, पहिल्या वर्षाची किंमत पुढेही तीच राहते का, एवढं बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या ऑटो-डेबिटची सूचना किमान २४ तास आधी येते, आणि साधारण १५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला ओटीपी लागतो. वार्षिक प्लॅन घेतलेल्या टीमचं रिन्युअल अनेकदा या ओटीपीवर अडकतं, कारण तो ज्याच्या फोनवर येतो ते साहेब नेमके रजेवर असतात. कंपनीचा जीएसटी क्रमांक खरेदी करतानाच भरा. विक्रेता परदेशी असेल तर रिव्हर्स चार्जचं (म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदारानेच जीएसटी भरण्याचं) काय, ते सीएला विचारा.

अटींची प्रत ठेवा

अटी बदलतात. डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांनाही फुकट होतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला नवीन अटी लागू झाल्या आणि त्यांना पैसे भरायला ३१ जानेवारी २०२२ पर्यंतची मुदत मिळाली. म्हणून खरेदीच्या दिवशी अटींचं पान पीडीएफ करून इनव्हॉइससोबत ठेवा, फाइलच्या नावात तारीख टाका. कोणती सीट (एका माणसापुरतं लायसन्स) कोणाकडे आहे याची एक शीट ठेवा आणि माणूस कंपनी सोडून गेला की त्याच दिवशी सीट काढून घ्या.

एवढं करूनही एखादी अट संदिग्ध वाटली तर विक्रेत्याच्या सेल्स टीमला ईमेल करा: आमची माणसं इतकी, उलाढाल इतकी, वापर असा, कोणतं लायसन्स लागेल? फोनवर विचारू नका. उत्तर लेखी घ्या आणि तेही त्याच फोल्डरमध्ये टाका.